बॉनेट कापण्याआधी रेडिएटरच्या कडा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिमगा उलटला की आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली अशा घाटांत बॉनेट उघडून कडेला उभ्या केलेल्या तापलेल्या गाड्या दिसायला लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत तर त्यांची रांगच लागते. त्याच सुमारास गॅरेजांत, गरम हवा बाहेर निघावी म्हणून, दोन मागण्या वाढतात: 'बिजागरीत वायसर टाकून बॉनेट मागून थोडं उचलून द्या' आणि 'बॉनेट कापून जाळी बसवून द्या'. मोबाइलवर असे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. त्यांतले बरेचसे शर्यतीच्या किंवा कोरड्या मुलखात भरधाव पळणाऱ्या गाड्यांचे असतात. आपला चढ, आपला पाऊस आणि आपली खारी हवा यांचा त्यात पत्ता नसतो. पत्र जरा लांबलं आहे, पण कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही, तेव्हा आधीच सविस्तर बोललेलं बरं.

प्रथम एक हिशोब. माणसं आणि सामान धरून १४०० किलो भरणारी पेट्रोल गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने चालली, तर चाकांवर साधारण ८ किलोवॅट शक्ती लागते. तीच गाडी बारा मीटरला एक मीटर अशा खड्या चढावर ताशी २५ ने चढली, तर लागते सुमारे ९ किलोवॅट. म्हणजे इंजिनाच्या पाण्यात उतरणारी उष्णता दोन्हीकडे जवळपास सारखीच. फरक पडतो तो हवेत. ताशी ८० ला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर ३० मिलिमीटर भरतो, ताशी २५ ला जेमतेम ३. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे वेग एक-तृतीयांशापेक्षा खाली आला की दाब दहाव्या हिश्शावर येतो. घाटात रेडिएटरमधून (इंजिनाचं तापलेलं पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीतून) हवा खेचायची ती फॅननेच, वाऱ्याचा उपयोग नावापुरता. गणपतीच्या वाहतूक कोंडीत तर तेवढाही नाही. फॅनला मदत होईल तो बदल आपल्या कामाचा. बाकीचे हायवेवर शोभून दिसतील, पण गाडी उकळते ती हायवेवर नव्हे.

आता वायसरचं बघू. बॉनेटवरून सरकत गेलेली हवा पुढच्या काचेवर आदळून तिच्या पायथ्याशी तुंबते आणि तिथे दाब वाढतो. कंपन्या केबिनसाठी ताजी हवा तिथूनच घेतात, ती याच कारणाने. बॉनेटची मागची कड १०-१५ मिलिमीटर उचलली की उभ्या गाडीत त्या फटीतून गरम झोत वर येतो, हे खरं. हात धरून बघितलं की मालक खूश होतो. पण गाडीने ताशी ५०-६० चा वेग घेतला की काचेपाशी तुंबलेली हवा त्याच फटीतून आत शिरते. रेडिएटरच्या मागचा दाब वाढतो आणि ग्रिलमधून येऊ पाहणाऱ्या हवेला पुढे सरकायला वाव राहत नाही. म्हणजे जिथे गाडी ठीक चालत होती तिथेही तापमानाचा काटा वर सरकतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. बॉनेटच्या मागच्या कडेखाली एक रबरपट्टी असते. इंजिनाच्या जागेतला धूर आणि वास केबिनच्या हवेच्या तोंडात जाऊ नये म्हणून ती बसवलेली असते. बॉनेट उचललं की ती टेकत नाही. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट जरासं गळत असेल तर विषारी कार्बन मोनॉक्साइड थेट एसीच्या वाटेने आत येतो, आणि त्याला ना रंग ना वास. शिवाय बिजागरीकडून उंची बदलली की पुढच्या लॉकचा हूक तिरका पकडतो. धडक बसली तर बॉनेटने मध्ये दुमडायचं असतं. लांब बोल्टांवर तोललेलं बॉनेट मागे सरकून काचेत येण्याची भीती असते. वायसर काढून टाका, एवढंच याबाबत सांगता येईल.

बॉनेटवर चिकटवायच्या पुढे तोंड असलेल्या नाकाडांबद्दलही थोडक्यात. काही डिझेल एसयूव्हींना असं नाकाड मुळातच असतं. त्याच्या खाली इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) असतो आणि ती हवा त्याच्यासाठी असते. रेडिएटरशी त्याचा संबंध नाही. खाली इंटरकूलर नसलेल्या गाडीवर खरं भोक पाडून असं नाकाड बसवलं तर ते इंजिनाच्या जागेत हवा कोंबतं, आणि बाहेर काढायच्या हवेची वाट अडते. भोक न पाडता नुसतं चिकटवलेलं असेल तर निदान नुकसान नाही.

मग करायचं काय? आधी बघायचं की ग्रिलमधून आत आलेली हवा रेडिएटरमधूनच जाते की नाही. हवा सोपी वाट शोधते. रेडिएटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत, वरच्या पट्टीखाली आणि खाली बंपरच्या आत दोन-तीन बोटांच्या फटी असतात. कंपनीकडून येताना त्या फोमने किंवा प्लॅस्टिकच्या पडद्यांनी बुजवलेल्या असतात. पुढून ठोकर बसून एकदा बंपर उतरला, की परत चढवताना हे पडदे गॅरेजच्या कोपऱ्यात राहतात. जोडणी सुबक दिसते आणि गाडी त्या दिवसापासून घाटात तापायला लागते. गाडी उभी असताना किंवा रांगणाऱ्या वेगात तर याहून वाईट होतं: फॅनने मागे फेकलेली गरम हवा याच फटींतून फिरून परत रेडिएटरच्या पुढे येते. स्ट्रॉला भोक असलं की शहाळ्यातलं पाणी वर येत नाही, तोंडात हवाच येते, तसंच हे.

फटी शोधायच्या तर रात्री, इंजिन थंड असताना, रेडिएटरच्या मागे दिवा धरून पुढून बघावं. जाळीतून मंद उजेड दिसेल तो ठीक. कडेने जिथे लख्ख पट्टा दिसेल तिथून हवा पळते. दुसरी परीक्षा उदबत्तीची. इंजिन गरम करून फॅन चालू होऊ द्यावा आणि पेटती उदबत्ती रेडिएटरच्या कडेकडेने फिरवावी. धूर सगळीकडून जाळीत ओढला गेला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तो उलटा, ग्रिलकडे येत असेल तर गरम हवा तिथून परतते आहे. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर उदबत्ती पेटवू नये, आणि हात कायम पात्यांपासून लांब ठेवावा. विजेचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

बुजवायला एसीच्या पाइपांवर चढवतात तो काळा रबरी फोम उत्तम. १९ मिलिमीटर जाडीचा, मागून चिकट असलेला तक्ता मिळतो. गादीचा किंवा सोफ्याचा स्पंज वापरू नये. तो पाणी धरून ठेवतो, आपल्याकडे ते पाणी खारं असतं, आणि त्याला टेकलेला पत्रा दोन पावसाळ्यांत सडतो. फट दोन इंचांहून मोठी असेल तर १ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा पडदा कापून तो मूळच्या बोल्टांवर बसवावा आणि फोमची पट्टी पत्र्याच्या कडेला लावावी. रेडिएटर रबरी बुशांवर थोडा हलतो, म्हणून पत्र्याची धार आणि रेडिएटरच्या टाक्या यांच्यात ४-५ मिलिमीटर अंतर सोडून ते फक्त फोमने भरायचं. नाहीतर धार प्लॅस्टिकच्या टाकीवर घासून तिला भोक पडतं. एअर फिल्टरची नळी पुढून हवा घेत असेल तर तिचं तोंड चुकूनही झाकू नये.

इंजिनाखालचं काळं प्लॅस्टिकचं कव्हर गतिरोधकाला घासून तुटतं आणि बरेच जण ते काढूनच टाकतात, 'खालून गरम हवा निघून जाईल' म्हणून. चालत्या गाडीत मात्र बंपरखालून आलेली हवा उघड्या पोटातून वर शिरते आणि रेडिएटरच्या मागे दाब वाढवते. बंपरच्या खालच्या कडेला लोंबणारी रबरी पट्टी आणि हे कव्हर मिळून गाडीखाली कमी दाब, म्हणजे ओढ, तयार करतात, म्हणून दोन्ही जाग्यावर हवीत.

फॅनकडे वळू. त्याच्या मागेपुढे जे प्लॅस्टिकचं आवरण असतं ते शोभेचं नसतं. ते असलं तर फॅन जाळीच्या चारही कोपऱ्यांतून हवा ओढतो. ते काढलं तर फक्त पात्यांसमोरच्या गोलातून. 'जागा होत नव्हती म्हणून काढलं' हे उत्तर फार ऐकू येतं. काही आवरणांना रबरी झडपा असतात, वेगात त्या उघडतात आणि फॅन फिरताना मिटतात. त्यातली एखादी तुटून पडली असेल तर तेवढं भोक बुजवावं. परीक्षेला वर्तमानपत्राचं पान पुरे, आपल्याच अंकाचं चालेल. पुढची जागा मोकळी असेल तर फॅन चालू असताना ते एसीच्या कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीवर) धरावं. मध्ये आणि कोपऱ्यांतही चिकटून राहिलं तर आवरण ठीक. मध्ये चिकटून कोपरे फडफडले तर आवरणात गळती आहे. पान ढकललंच जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलटसुलट झाल्या आहेत आणि फॅन उलटा फिरतो आहे. असं होतं, आणि महिनोन् महिने कळत नाही.

विजेच्या फॅनच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट असतील आणि फॅनवर १२.५ पेक्षा कमी, तर मधला व्होल्टेज रिलेत, फ्यूजच्या बुडाशी किंवा अर्थच्या बोल्टावर मरतो आहे. समुद्रकाठच्या गावांत अर्थच्या टोकावर हिरवी पूड धरते. ती घासून, नवा लग (वायरीच्या टोकाची कडी) दाबून, वर ग्रीस लावलं की फॅनचा आवाजच बदलतो. दोन वेगांचा फॅन असेल तर कमी वेगाचा रेझिस्टर जळलेला असणं नेहमीचं. मग फॅन थेट वरच्या वेगातच लागतो, तोवर पाणी तापलेलं असतं. पट्ट्यावर चालणारा व्हिस्कस फॅन असलेल्या जुन्या जीप-सुमोसारख्या गाड्यांत इंजिन गरम करून बंद करावं आणि पातं हाताने फिरवावं. अडखळत, जड फिरलं तर ठीक. भिरभिरत राहिलं तर कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गेलं.

साफसफाईत एकच गोष्ट सांगतो, कारण तीच चुकते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तांबडी माती, गवताचं बी आणि किडे यांचा थर बसतो, तो पुढून दिसत नाही. वरचे बोल्ट सोडून कंडेन्सर गॅसचे पाइप न उघडता दोन बोटं पुढे कलवावा आणि साध्या नळाच्या पाण्याने इंजिनाकडून पुढे असं धुवावं. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने पुढून मारलं की कल्ले (जाळीतल्या पातळ पत्र्याच्या चुण्या) झोपतात आणि मळ आणखी आत ठासतो. कल्ले बोटाने चुरले तर ते मिठाने खाल्लेत. तो रेडिएटर बदलायचा, त्यासाठी बॉनेट कापायचं नाही. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड, जादा दिवे, मच्छरजाळी असेल ती उतरवावी. क्रॅश गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

रेडिएटरच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. ०.९ च्या टोपणाने साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपणाचं रबर कडक झालं की तेच १०० ला. विहिरीचं मचूळ पाणी घालू नये, हे किनाऱ्यावर वेगळं सांगायला नको. आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकू नये. बायपास असलेल्या इंजिनात तो काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते, पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच फिरत राहतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

एवढं करूनही चढावर पाणी वर जात असेल तरच बॉनेटचा विचार करावा. त्याआधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बॉनेटची जाळी त्यात बसते का यावर रस्त्यात उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही. आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी लेखी विचारावं. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावूच नये.

जागा डोळ्यांनी ठरवायची नसते, मोजायची असते. फिश टँकची पारदर्शक नळी चारेक मीटर आणि रंगीत पाणी एवढं पुरतं. नळीचा इंग्रजी यू आकार करून, दोन्ही भुजा एकमेकींना चिकटवून, मागे मिलिमीटरची पट्टी लावावी. भुजा चिकटून असल्या की रस्त्याच्या चढउताराने माप फारसं बिघडत नाही. एक टोक बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, फॅनचा झोत सरळ लागणार नाही असं स्पंजात गुंडाळून ठेवावं. दुसरं टोक मेणाने बंद करून, त्यापासून तीन-चार सेंटिमीटरवर सुईने वरच्या अंगाला दोन-तीन भोकं पाडावीत आणि ते टोक पुढे करून नळी बॉनेटवर लांबीच्या दिशेने टेपने चिकटवावी. सपाट चौपदरी रस्त्यावर स्थिर ८० चा वेग धरावा. आकडा शेजारच्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नव्हे. मग नळी दहा-दहा सेंटिमीटर मागे सरकवत जावी. बॉनेटवरच्या नळीकडची भुजा वर चढली तर तिथे बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी, म्हणजे हवा बाहेर येईल. खाली गेली तर तिथलं भोक हवा आत घेईल.

बहुतेक गाड्यांत असं आढळतं की ग्रिलवरून बॉनेट जिथे आडवं होतं तिथून थोडं मागे ओढ सर्वांत जास्त असते, मध्यापर्यंत ती कमी होत जाते आणि काचेच्या आधीच्या २५-३० सेंटिमीटरमध्ये उलटी होते. आखूड बॉनेटच्या हॅचबॅकमध्ये उपयोगी पट्टा फारच अरुंद असतो. दोन भुजांतला फरक दहा मिलिमीटरच्या आत असेल तर पत्र्याला करवत लावू नये, असं माझं मत. घाटातल्या वेगाला ही ओढ कामाची नसते. तिथे जाळीचा फायदा एवढाच की फॅनने फेकलेल्या गरम हवेला वर जायला वाट मिळते. म्हणून जाळी रेडिएटरच्या लगेच मागे हवी.

कापायचं ते भंगारातून आणलेलं दुसरं बॉनेट, मूळचं जपून ठेवावं. खालच्या बाजूच्या उभ्या-आडव्या फासळ्या आणि लॉकची पट्टी तोडायची नाही. त्या धडकेत दुमडण्यासाठी असतात. फासळ्यांच्या मधल्या दोन जागांत मागे तोंड असलेल्या पट्ट्यांची जाळी बसवावी: प्रत्येकीत २० सेंटिमीटर लांबीच्या सहा पट्ट्या, दीड सेंटिमीटर उघड्या. बारीक तारेची जाळी लावली तर निम्मी वाट तिथेच अडते. भोकाच्या पुढच्या कडेला १२ मिलिमीटर उंचीची उभी पट्टी लावली की वरून जाणारी हवा उडी घेते आणि ओढ वाढते. ॲल्युमिनियमची जाळी लोखंडी पत्र्यावर थेट रिव्हेट करू नये. खाऱ्या हवेत सांध्यावर ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. मध्ये सीलंटचा थर हवा, आणि कापलेल्या धारेला त्याच दिवशी झिंक प्रायमर, त्यावर इपॉक्सी. बॉनेटखालच्या फेल्टची कापलेली कड नीट दाबून बसवावी. लोंबून टर्बोवर पडली तर आग लागते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत सात हजारांच्या घरात. जाळीखाली अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, फ्यूज बॉक्स किंवा एअर फिल्टरचं तोंड येत असेल तर ती जागा सोडावी. नसेल तरी खाली उतरता पत्र्याचा ट्रे आणि त्याला १० मिलिमीटरची निचऱ्याची नळी हवी, आणि जून ते सप्टेंबर रबरी गॅस्केट असलेलं झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं असावं.

फरक पडला का हे डॅशबोर्डच्या काट्यावर कळत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत तो ७५ पासून १०५ अंशांपर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून पाण्याचं खरं तापमान बघावं. तोच घाट, तेवढंच वजन, एसी चालू, दुसरा गिअर, आणि त्याच मैलाच्या दगडापाशी नोंद. त्यातून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करावं, म्हणजे सकाळ-दुपारचा गोंधळ होत नाही. फटी बुजवण्याआधी, बुजवल्यावर आणि जाळी लावल्यावर, अशा तीन वेगळ्या नोंदी हव्यात. जाळीने तीन अंशांहून कमी फरक पडला असेल तर मूळचं बॉनेट परत चढवावं.

कळावे,
आपला,
एक मोटार मेकॅनिक, चिपळूण